बांध, ओढा आणि माळ : कोरडवाहू शेतीचा दुर्लक्षित आधार

महाराष्ट्राचे भौगोलिक क्षेत्र सुमारे ३ कोटी ७ लाख हेक्टर असून त्यापैकी निम्म्याहून अधिक जमीन पिकांखाली आहे. या पिकाऊ जमिनीच्या सुमारे चार पंचमांश भागाला सिंचनाची शाश्वत सोय नाही. तेथील पीक पावसाच्या भरवशावरच घ्यावे लागते. या दोन्ही गोष्टी सर्वपरिचित आहेत. तथापि, त्या एकत्र ठेवून पाहिल्यास काही निष्कर्ष आपोआप पुढे येतात. राज्यातील पशुपक्षी, कीटक व वनस्पती यांचे रक्षण केवळ राखीव वनांत होऊ शकणार नाही, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांचे घर शेतशिवारातच आहे. तसेच पाऊसमान अनिश्चित झाले म्हणजे त्याचा पहिला आघात याच शिवारावर होतो. म्हणून धान्योत्पादन, जैवविविधतेचे रक्षण आणि बदलत्या हवामानाला तोंड देण्याची शक्ती या तीन प्रश्नांचा विचार वेगवेगळ्या कचेऱ्यांत न करता एकाच गावाच्या नकाशावर करणे आवश्यक आहे.

गावाच्या शिवारात पिकांखालील जमिनीशिवाय आणखीही जमीन असते. शेताशेतांमधील बांध, ओढ्यानाल्यांचे काठ, गायरान, माळरान आणि खडकाळ टेकाडे यांचा तीत समावेश होतो. सातबाराच्या उताऱ्यावर हिच्यापैकी काही जमीन ‘पोटखराब’ म्हणून नोंदली जाते, तर काहीस व्यवहारात ‘पडीक’ म्हटले जाते. या शब्दांमुळे ही जमीन निरुपयोगी आहे असा समज दृढ झाला आहे. वस्तुतः पिकाला लागणारा ओलावा, जनावरांचा चारा, किडींचे नैसर्गिक शत्रू आणि परागीभवन करणाऱ्या मधमाश्या यांचा मोठा आधार याच जमिनीत आहे. हा आधार कमी होत गेला, तर शेतीचे नुकसान किती होते आणि तो राखायचा तर कोणी काय केले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या दोन अवर्षणप्रवण जिल्ह्यांच्या उदाहरणाने केला आहे.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भागात वर्षाकाठी साधारणपणे ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि काही ठिकाणी त्याहूनही कमी. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८ या वर्षी येथील जनतेने दुष्काळ सोसला. टँकर आणि चारा छावण्या यांची व्यवस्था करावी लागली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये याच भागात अतिवृष्टी होऊन सीना नदीला महापूर आला आणि काठावरील पिके व माती वाहून गेली. म्हणजे यापुढील शेतीला पाण्याचा तुटवडा आणि पाण्याचा लोंढा या दोहोंची तयारी एकाच वेळी ठेवावी लागणार आहे.

एका अभयारण्याचा धडा

शेती आणि वन्यजीव यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाची कसोटी पाहणारा प्रयोग या भागात होऊन गेला आहे. माळढोक हा मोठ्या आकाराचा, उघड्या गवताळ माळावर राहणारा पक्षी. टोळ व इतर कीटक, धान्य, शेंगा, बोरे हे त्याचे खाद्य. मादी साधारणपणे एका वेळी एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज व त्याच्या सभोवतालच्या माळांवर हा पक्षी आढळत असल्याने त्याच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये अभयारण्य स्थापन करण्यात आले. सोलापूर व तेव्हाचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर इतके विस्तीर्ण होते. साहजिकच त्यात माळरानाबरोबर खाजगी शेते, गावे आणि रस्तेही आले.

यातून अडचणी निर्माण झाल्या. जमिनीच्या व्यवहारांवर व विकासकामांवर बंधने आल्याने शेतकऱ्यांत नाराजी वाढली. पुढे अभयारण्याच्या सीमांची फेररचना होऊन त्याचे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. या मधल्या काळात शिवाराचे रूपही पालटले होते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर भीमेच्या खोऱ्यात सिंचन वाढले आणि ज्वारी, बाजरी व भुईमूग यांच्या जागी अनेक ठिकाणी ऊस उभा राहिला. माळांचे तुकडे पडले. काही माळांवर झाडे लावली गेली, काहींवरून विजेच्या तारा गेल्या. माळढोक आज या भागातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. देशभरात त्याची संख्या दीडशेच्या आसपास उरली असून त्यांतील बहुतेक पक्षी राजस्थानात आहेत.

या इतिहासात शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. पाणी आले तेव्हा त्याने हमखास विक्री असलेले पीक निवडले, हे स्वाभाविकच होते. दोष पद्धतीत होता. कागदावर सीमा आखली गेली. परंतु त्या सीमेच्या आत पिके कोणती असावीत, माळ कोणी व कसा राखावा आणि राखणाऱ्यास त्याचा मोबदला काय, हे गावांशी बसून ठरले नाही. शेतशिवारातील जैवविविधता केवळ मनाईने टिकत नाही. ती शेतकऱ्याच्या रोजच्या निर्णयांत सामावली जावी लागते. हे निर्णय मुख्यतः बांध, ओढा, माळ आणि पिकांची निवड या चार ठिकाणी होतात.

बांध

बांधाचे पहिले काम मातीचे रक्षण. एक हेक्टर शेतातून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर ती १० घनमीटर, म्हणजे सुमारे बारा टन माती होते. जाणारा थर डोळ्यांना दिसत नाही. पण सर्वांत सकस माती तीच असते आणि ती पुन्हा तयार होण्यास फार मोठा काळ लागतो. या जाणिवेतूनच १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर मुंबई प्रांतात आणि पुढे १९७२ च्या दुष्काळातील कामांतून व रोजगार हमी योजनेतून बांधबंदिस्तीची मोठी कामे झाली.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत वारसांमध्ये जमिनीच्या वाटण्या होत गेल्या, शेते लहान झाली आणि नांगराचा फाळ दरवर्षी बांधाला थोडा थोडा कोरत गेला. बांध कोरल्यावरून होणारी भांडणे कोणत्याही तहसील कचेरीला नवीन नाहीत. बांध अरुंद झाला की त्यावरची बोर, बाभूळ, हिवर, कडुनिंब ही झाडे जातात, गवत जाते, आणि मोठा पाऊस आला म्हणजे बांध फुटतो.

रुंद बांधासाठी किती जमीन सोडावी लागते, याचा हिशेब सोपा आहे. एक हेक्टरचे चौकोनी शेत घेतले, तर त्याची प्रत्येक बाजू १०० मीटर आणि परिघ ४०० मीटर होतो. बांध दोन मीटर रुंद ठेवून दोन्ही शेजाऱ्यांनी निम्मी निम्मी जागा दिली, तर प्रत्येकाच्या वाट्याची पट्टी एक मीटर रुंदीची, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांची होते. शंभर गुंठ्यांतील चार गुंठे हा लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक त्याग नव्हे. त्याखेरीज झाडाच्या सावलीत व मुळांच्या कक्षेत पीक काहीसे कमी येते, हेही मान्य केले पाहिजे.

त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या गोष्टी मात्र अनेक आहेत. बांधावरील गवत जनावरांना चारा देते. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना, तर लाकूड अवजारांना व सरपणाला उपयोगी पडते. फुलणाऱ्या झाडाझुडपांवर मधमाश्या जगतात. जगातील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पिके काही अंशी तरी परागीभवनासाठी कीटक व इतर प्राण्यांवर अवलंबून असल्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय शास्त्रीय अहवालात काढण्यात आला आहे. ज्वारी-बाजरीला मधमाशीची गरज नसली, तरी सूर्यफूल, डाळिंब, वेलवर्गीय भाज्या आणि कांद्याचे बीजोत्पादन यांना ती आहे. ढालकिडे, कोळी व परोपजीवी माश्या यांना फवारणीपासून आसरा बांधावरच मिळतो. कोतवाल, साळुंकी यांसारखे पक्षी हरभऱ्यावरील घाटेअळी टिपतात. कृषी विभाग हरभऱ्याच्या शेतात पक्षिथांबे उभारण्याची शिफारस करतो ती याच कारणाने. जेथे बांधावर झाड उभे आहे, तेथे पक्षिथांबा निसर्गानेच दिलेला असतो.

अर्थात बांधावर उगवणारी प्रत्येक वनस्पती हितकारक नसते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजर गवत आज सर्वत्र पसरले आहे. ते गुरे खात नाहीत, माणसांना त्याचा त्रास होतो आणि उपयुक्त गवताची जागा ते बळकावते. बांध राखणे म्हणजे तो रानोमाळ वाढू देणे नव्हे. पवन्या, मारवेल यांसारखी गवते व स्थानिक झाडे यांची निवड करून तो जोपासणे होय.

ओढा

शेतातून सुटलेले पाणी ओढ्याला मिळते. ओढ्याची वळणे, त्यातील डोह आणि काठावरील करंज, जांभूळ, उंबर, निरगुडी व वाळा यांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ अडतो व पाणी जमिनीत मुरण्यास अवधी मिळतो. ओढ्याकाठची ही हिरवी पट्टी उन्हाळ्यात पक्ष्यांना व लहान प्राण्यांना आसरा देते. एका माळावरून दुसऱ्या माळाकडे जाण्याचा तो त्यांचा मार्गही असतो.

परंतु गेल्या काही दशकांत ओढे अरुंद झाले आहेत. काठावरील शेते पात्रात सरकली. कोठे ओढा सरळ करण्यात आला, तर कोठे तो बुजवून नवा चर काढण्यात आला. महापूर अतिवृष्टीमुळे येतो आणि केवळ ओढा राखल्याने तो टळेल असे म्हणता येणार नाही. तथापि पाण्याची वाट अडविली गेली म्हणजे ते शेतातून वाट काढते आणि जाताना माती घेऊन जाते.

खोलीकरणाच्या कामांतही विवेक हवा. डोंगरमाथ्यापासून पायथ्याकडे क्रमाने माती अडविण्याची कामे न करता केवळ खालचा नाला यंत्राने खोदला, तर थोड्याच पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. काठावरील सर्व झाडेझुडपे काढून टाकली, तर काठ ढासळतो. ‘माथा ते पायथा’ हे पाणलोटाचे सूत्र आपण नेहमी उच्चारतो. अंदाजपत्रक तयार करताना त्याचाच क्रम पाळला जावा.

माळ

माळरानाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, झाडे नसलेली जमीन उजाड असते. कमी पावसाच्या, उथळ मुरमाड जमिनीवरील गवताळ माळ ही स्वतंत्र निसर्गव्यवस्था आहे. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे तिचे रहिवासी होत. तेथे खड्डे खणून दाट झाडे लावली, तर माळावरच्या जीवांचे घर मोडते आणि चाऱ्याचे गवतही कमी होते. अशा माळांवर गिरिपुष्पासारख्या बाहेरून आलेल्या झाडांची लागवड झाल्याचे परिणाम या भागात दिसून आले आहेत. वृक्षारोपण हे स्तुत्य कार्य आहे. मात्र त्याची जागा बांध, ओढ्याचा काठ, रस्त्याची कड आणि गावठाण ही असावी. माळावर गवत राखणे हेच संवर्धन.

माळाचा विचार करताना मेंढपाळांना विसरून चालणार नाही. धनगर समाजाचे कळप पिढ्यान्‌पिढ्या या माळांवर चरत आले असून, सुगीनंतर शेतकरी खतासाठी त्यांना आपल्या शेतात बसवतात. चराईबंदीचा ठराव करताना त्यांच्यासाठी व भूमिहीनांच्या शेळ्यांसाठी पर्यायी व्यवस्था केली नाही, तर गवत वाचते पण गरीब कुटुंबाची चूल अडते. गायरानाचे तीन भाग पाडून दरवर्षी पावसाळ्यात एक भाग पूर्णपणे बंद ठेवणे आणि त्यातील गवत विळ्याने कापून नेण्याचा हक्क प्रथम गरजू कुटुंबांना देणे, हा मध्यम मार्ग आहे. गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्व राज्यांना निर्देश दिले आहेत, याचेही स्मरण ठेवावे.

पिके आणि बियाणे

सोलापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनास १९३३ मध्ये प्रारंभ झाला. जवळच्या मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही रब्बी ज्वारीची जात सुमारे नऊ दशके शेतकऱ्यांच्या शेतात टिकून आहे. भारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर ती येते, भाकरीला उत्तम धान्य देते आणि जनावरांना कडबा देते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बाजरीबरोबर तूर, ज्वारीच्या कडेने काटेरी करडई अशा मिश्र पिकांच्या रीतीमागेही एक पीक बुडाले तरी दुसरे हाती यावे, हाच विचार आहे.

स्थानिक वाण हे या दृष्टीने विम्यासारखे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, घेवडा व भाज्या यांच्या स्थानिक वाणांची बियाणे बँक उभी केली. या कार्याबद्दल २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अकोल्याचा डोंगराळ पश्चिम भाग पावसाचा; तेथील वाण सोलापुरास उपयोगी पडतीलच असे नाही. पण आपल्या हवेत, आपल्या मातीत मुरलेले बी आपण राखावे, हा त्यांचा मार्ग कोणत्याही तालुक्यास अनुसरता येईल.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उसाला खरेदीची हमी आहे, कारखाना आहे, कर्ज मिळते. ज्वारीला आधारभूत किंमत जाहीर होत असली, तरी प्रत्यक्ष बाजारात तिचा भरवसा नसतो. शिधावाटप, शालेय पोषण आहार, वसतिगृहे यांसाठी स्थानिक ज्वारी-बाजरीची खरेदी नियमितपणे झाली, तरच शेतकऱ्याला दिलेला पीकबदलाचा सल्ला त्याला पटेल.

ग्रामसभेचा ताळेबंद

हे सर्व एका गावात जमवून आणणे अशक्य नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. श्री. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यावर गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत जलसंधारणाची कामे केली. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा आणि ऊस, केळी यांसारखी जादा पाण्याची पिके टाळण्याचा निर्णय घेतला. पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात.

ह्या ताळेबंदाचे गणित कोणतीही ग्रामपंचायत करू शकते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. एक हजार हेक्टरच्या शिवारात ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४०० कोटी लिटर पाणी पडते. त्यातील मोठा भाग बाष्प होऊन जातो किंवा वाहून जातो. माती व गवत जितके राखले असेल, तितका मुरणारा वाटा वाढतो. हिवरे बाजारच्या यशाचे मर्म बंधाऱ्यांच्या संख्येत नसून, सर्वांना लागू होणारा नियम सर्वांनी मिळून ठरविला यात आहे.

करावयाची कामे

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे आवश्यक आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१९ मधील आदेशानंतर या नोंदवह्यांच्या कामास गती मिळाली. ही नोंदवही कपाटात राहिली, तर तिचा उपयोग नाही. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करताना ती समोर उघडी असली पाहिजे.

ग्रामपंचायत सदस्यांनी गावनकाशावर ओढे, गायरान, माळ व जुनी झाडे यांच्या खुणा कराव्यात आणि गेल्या पिढीत काय कमी झाले ते वृद्धांना विचारून लिहावे. बांधाच्या रुंदीविषयी शेजाऱ्याशेजाऱ्यांत समझोता घडवून आणावा. सक्तीपेक्षा सामोपचाराने ठरलेला बांध अधिक टिकतो. गायरानाच्या चराईचे नियम ग्रामसभेत सर्वांच्या, विशेषतः चारा-सरपण आणणाऱ्या स्त्रियांच्या, उपस्थितीत करावेत.

अधिकाऱ्यांनी कृषी, वन, महसूल व जलसंधारण या शाखांची कामे एकाच पाणलोटात एकत्र आखावीत. गवताळ माळावर खड्डे खोदण्याची कामे मंजूर करण्यापूर्वी तेथे काय जगते आहे ते पाहावे. रानडुक्कर वा हरीण यांनी पिकाची नासाडी केली, तर नुकसानभरपाईचा पंचनामा विनाविलंब व्हावा. भरपाईला होणारा विलंब शेतकऱ्याच्या मनात वन्यजीवांविषयी वैर निर्माण करतो.

शिक्षकांसाठी तर गावचे शिवार ही उघडी प्रयोगशाळाच आहे. विद्यार्थ्यांनी पर्जन्यमापकावर रोजचा पाऊस मोजून फळ्यावर लिहावा. एक रुंद, झाडांचा बांध आणि एक कोरलेला, उघडा बांध निवडून दर महिन्याला त्यांवरील पक्षी, फुलपाखरे, मधमाश्या व वनस्पती मोजाव्यात. वर्षाअखेरीस हे आकडे ग्रामसभेपुढे वाचून दाखवावेत. आपल्याच मुलांनी मोजलेला आकडा गावाला अधिक पटतो.

शेतीचे उत्पन्न, निसर्गाचे रक्षण आणि हवामानाचे आघात सोसण्याची शक्ती यांत पुष्कळदा विरोध असल्याचे मानले जाते. काही ठिकाणी तो खराही आहे. बांधाला द्यावे लागणारे चार गुंठे हे त्याचेच उदाहरण. मात्र ते चार गुंठे एकट्या शेतकऱ्याने सोडावेत आणि लाभ सर्वांनी घ्यावा, ही रीत टिकणारी नाही. गावाने नियम करावा, शासनाने कामांचा व भरपाईचा वाटा उचलावा आणि बाजाराने ज्वारी-बाजरीला भाव द्यावा, तरच हा भार वाटला जाईल. माळढोकाच्या बाबतीत ही गोष्ट ध्यानी येण्यास उशीर झाला. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर बांध, ओढा आणि गायरान हे तीन विषय घेण्यास मात्र उशीर होण्याचे कारण नाही.